वॉर्डरोबच्या पाठीत कुलपाचा कप्पा: परवान्याचं शस्त्र घरात ठेवण्यासाठी

इंटरनेटवर चोरकप्प्याचे व्हिडिओ भरपूर आहेत: पलंगाच्या उशाशी सरकणारी फळी, आरशामागे पिस्तूल, टेबलाखाली चुंबकाला चिकटवलेलं रिव्हॉल्व्हर. दिसायला झकास, पण घरात मुलं असतील तर यातलं काहीही करू नका. मुलांना सुट्टीच्या दुपारी घरातली प्रत्येक फट सापडते. घरकाम करणाऱ्या बाईंना सापडते, रंगाऱ्याला सापडते, आणि ज्या सुताराने कप्पा केला त्याला तर माहीतच असतो. म्हणून इथे दिलेल्या रचनेत लपवायचं काम प्लायवूडचं आणि राखायचं काम लोखंडी पेटीचं. पाठीची फळी कोणी काढलीच, तर पुढे ३ एमएमच्या पत्र्याची, भिंतीत बोल्ट मारलेली आणि लिव्हर लॉक (चावीने आतल्या पट्ट्या उचलल्या की उघडणारं कुलूप) लावलेली पेटी असली पाहिजे.

हे सगळं परवान्याच्या शस्त्रापुरतं. परवान्याच्या अटींप्रमाणे शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची असते आणि घरात दुसऱ्याच्या हाती पडलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. कप्पा चोरापासून आणि मुलांपासून लपवायचा, पोलिसांपासून नाही. तपासणीला आले की उघडून दाखवायचा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायची नोटीस आली, तर पेटीतून काढून ठाण्यात द्यायचं आणि पावती त्याच पेटीत ठेवायची.

आधी माप, मग जागा

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकाला साधारण दोनच शस्त्रं बाळगता येतात, त्यामुळे पेटी अवाढव्य करायचं कारण नाही. .३२ चं रिव्हॉल्व्हर ७ इंचांच्या आसपास असतं, त्याला जागेचा प्रश्नच नाही. खरा प्रश्न बारा बोअरच्या दुनाळीचा. जोडलेली दुनाळी पावणेचार फुटांच्या पुढे जाते. पण ती मोडून, म्हणजे सुटी करूनच ठेवायची असते: फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी हातधर) काढला की नळ्या वेगळ्या होतात. नळ्या २८ ते ३० इंच, म्हणजे जास्तीत जास्त ७६२ एमएम, आणि अ‍ॅक्शनसकट (घोडा-चाप असलेल्या यंत्रणेसकट) दस्ता दीड फुटाच्या आसपास. दोन्ही शेजारी उभे ठेवले तर आतून ८५० एमएम उंच, ३०० रुंद आणि १२० खोल पेटी पुरते. मोडलेल्या बंदुकीतून गोळी सुटू शकत नाही, हा फायदा वेगळाच. वरळीच्या रेंजवर जाणाऱ्या नेमबाजांच्या रायफली अशा मोडत नाहीत. त्यांनी रायफल मोजून उंची सव्वा मीटरच्या आसपास धरावी, बाकी रचना तीच.

जागेचं म्हणाल तर मुंबईच्या फ्लॅटमध्ये पलंगाचा बॉक्स सगळ्यांना आधी सुचतो. चोरालाही तोच सुचतो, आणि पलंग भिंतीला बांधलेला नसतो. वॉर्डरोबच्या खालच्या स्कर्टिंगमागची जागा वरच्या मजल्यांवर चालते. तळमजल्यावर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवर किती पाणी चढलं हे अजून लोकांच्या लक्षात आहे. म्हणून वॉर्डरोबची पाठ बरी.

भिंत निवडताना बाथरूमची सामाईक भिंत सोडा. तिच्यात पाईप असतात आणि ओल येते. पश्चिमेची बाहेरची भिंतही शक्यतो सोडा, जूनपासून तिच्यावर पावसाचा मारा असतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा: आरसीसी कॉलम किंवा शिअर वॉल (काँक्रीटची सलग भिंत) टणक वाजते, सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत बद्द. मिवान पद्धतीच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेल्या) नव्या टॉवरमध्ये बहुतेक भिंती काँक्रीटच्याच असतात, पण विजेच्या नळ्या त्याच भिंतींच्या पोटात असतात. डिटेक्टर फिरवल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. जुन्या चाळीत चुन्यातलं विटांचं बांधकाम असेल तर भिंतीत फास्टनर (भोकात पसरून धरणारा बोल्ट) धरत नाही, विटेसकट बाहेर येतो. तिथे पेटी भिंतीवर टांगण्याचा नाद सोडून अँगलच्या फ्रेममध्ये बसवावी. लाद्यांखाली नक्की काय आहे हे कळल्याशिवाय ती फ्रेम जमिनीतही बोल्ट करू नये.

खोलीचा हिशेब

वॉर्डरोब शटरसकट ६०० एमएम खोल धरू. शटरचे १९ गेले, ५८१ उरले. पाठीच्या प्लायचे ६ गेले, ५७५. पेटी बाहेरून १२६, राहिले ४४९. पेटीचं हँडल आणि हाताच्या बोटांसाठी २५ सोडले, ४२४. पेटी झाकणाऱ्या खोट्या पाठीची १२ एमएमची फळी वजा केली की वापरायला ४१२ एमएम मिळतात.

या आकड्यातच एक खोच आहे. आडव्या रॉडवरचा हँगर साधारण ४३० एमएम रुंद असतो. तो ४१२ मध्ये मावत नाही, शटर लागत नाही, आणि कोणीतरी विचारतं की याच कपाटाला काय झालं. म्हणून या खणात आडवा रॉड लावायचाच नाही. वरच्या फळीला खालून बसणारा पुल-आउट रॉड घ्या, ज्यावर हँगर शटरला समांतर लटकतात. शर्ट बाहेर ओढून काढता येतात आणि मागे ९५० एमएमपर्यंतची उभी जागा फळ्यांशिवाय मोकळी राहते. मध्ये फळ्याच हव्या असतील तर त्या पिनांवर ठेवा, ठोकून पक्क्या करू नका. नाहीतर मागची फळी निघणारच नाही.

खण आतून ४५० एमएम रुंद घ्या. खाली २५० उंचीचा ड्रॉवर, त्यावर आडवी फळी, मग ९५० ची निघणारी खोटी पाठ, आणि तिच्यावर खणाच्या माथ्यापर्यंत तशीच पक्की खोटी पाठ. वरचा भाग वाया गेल्यासारखा वाटतो, पण तो सोडला तर खालची पाठ पुढे आणि वरची मागे दिसते. हा खण उभ्या पार्टिशनने वेगळा आणि स्वतःच्या शटरचा हवा. दोन खण एका शटरमागे आले तर एकाची खोली ५७५ आणि दुसऱ्याची ४१२ हे शेंबडं पोरही सांगेल.

लोखंडी पेटी

पेटी आधी, कपाट नंतर. उलटं केलं की फेस पट्टी (खणाच्या पुढच्या कडेची पट्टी) बसल्यावर पेटी खणात जात नाही आणि तयार कपाट कापावं लागतं.

फॅब्रिकेशनवाल्याला ३ एमएम एमएस (माइल्ड स्टील) पत्रा सांगा. सव्वा-दीड एमएमच्या पत्र्याची तयार पेटी स्वस्त पडते, पण पहारीच्या दोन झटक्यांत तिचं दार दुमडतं. वरच्या मापाला पत्रा साधारण पाऊण चौरस मीटरला थोडा जास्त लागतो आणि नुसत्या पत्र्याचं वजन साडेअठरा किलो भरतं. कुलूप, बिजागऱ्या धरून वीस-बावीस. वजन आधीच मोजायचं ते यासाठी की हा भार प्लायवर नाही, भिंतीवर जायला हवा.

कोपऱ्यांना सलग वेल्ड मागा. टाक्यांवर भागवलं तर पत्रा टाक्यांमधून उकलतो. मात्र सलग वेल्ड एका दमात मारला की ३ एमएमचा पत्रा तापून वाकतो आणि दार चौकटीत बसत नाही. समोरासमोरच्या बाजूंना थोडं थोडं मारत जायला सांगा, मग गुण्या लावून कर्ण मोजा. दोन्ही कर्णांत २ एमएमपेक्षा जास्त फरक असेल तर पेटी तिथेच सरळ करून घ्या. पावडर कोटिंग झाल्यावर ते होत नाही.

दाराभोवती चौकटीला आतल्या बाजूने २० एमएमची ओठ-पट्टी हवी, म्हणजे फटीत पहार घातली तरी टोक तिथेच अडतं. दाराची फट दीड ते दोन एमएम. बिजागरीच्या बाजूला दाराच्या आतून १० एमएमचे दोन चौरस गज वेल्ड करा, दार बंद झालं की चौकटीमागे जाणारे. बाहेरच्या बिजागऱ्या कापल्या तरी दार मग ओढून निघत नाही. या दोन गजांना फॅब्रिकेशनवाला हमखास ‘काय गरज आहे’ म्हणतो. ऐकू नका.

कुलूप सात किंवा आठ लिव्हरचं, शक्यतो वर-खाली दोन्हीकडे पट्टी जाणारं. ड्रॉवरला लावतात ते कॅम लॉक इथे निकामी आहे. ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामाचं असतं आणि मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने पिळलं की तुटतं. बोटाच्या ठशाचं कुलूप हवं असेल तर यांत्रिक चावीची सोय असलेलंच घ्या: पावसाळ्यात घामेजलं बोट वाचलं जात नाही, आणि सेल संपतात ते नेमके नको तेव्हा. कुलूप बसवून, पन्नासेक वेळा फिरवून बघून मगच पावडर कोटिंगला पाठवा. परत आल्यावर भोकांतला रंग खरवडावा लागतो, ती खरवडलेली जागा रेड ऑक्साइडने (गंजरोधक रंगाने) झाका.

पेटीच्या पाठीला चार बोल्टची भोकं, कडांपासून ५० एमएम आत. तळाला आणि माथ्याला प्रत्येकी ४ एमएमची दोन बारीक भोकं. पेटी हवाबंद करायची नाही. दमटपणा आत कोंडतो.

भिंतीत बसवणं

वॉर्डरोबची पाठ आणि भिंत यांत १२ एमएम हवा सोडायची, हा मुंबईतला नियम मोडू नका. पण त्यामुळे पेटी आणि भिंत यांत १२ अधिक प्लायचे ६, असे १८ एमएम अंतर पडतं. बोल्ट तसाच कसला तर प्लाय दाबला जातो, कपाटाची पाठ भिंतीकडे खेचली जाते आणि महिन्याभरात शटर घासायला लागतात. चार जागी प्लायला ४० एमएमचं भोक पाडून त्यात १८ एमएम लांबीचा जाड पाईपचा तुकडा बसवा. बोल्ट कसला की लोखंड पाईपवर, पाईप भिंतीवर. प्लायला धक्का नाही. भिंत ओळंब्यात नसेल, आणि बहुधा नसतेच, तर चारही जागी अंतर वेगळं मोजा आणि तुकडे त्याप्रमाणे कापा.

आता बोल्टची लांबी. १० एमएमचा फास्टनर काँक्रीटमध्ये निदान ६० एमएम जायला हवा. पण त्याआधी १२-१५ एमएम प्लास्टर असतं आणि ते काही धरत नाही. पाईपचे १८, पत्र्याचे ३, वॉशर-नटचे १२, प्लास्टरचे १५ आणि काँक्रीटमधले ६० असा हिशेब १०८ वर जातो. म्हणून १०० ची लांबी पुरत नाही, १२० ची घ्या. मिवान भिंतीला प्लास्टर नसतं, तिथे १०० चालते. ड्रिलचा बिट फास्टनरच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचाच लावा. भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्लोअरने किंवा हातपंपाने काढा. भुकटी राहिली की फास्टनर कसताना फिरत राहतो आणि धरत नाही, त्याचं खापर मग भिंतीवर फुटतं. कॉलमच्या कडेपासून १०० एमएम दूर राहा. मध्येच सळई लागली तर रेटू नका, भोक सरकवा. त्यासाठीच पेटीच्या पाठीला गोल भोकांऐवजी २० एमएम लांबीच्या खाचा पाडून घेतल्या तर बरं.

सिपोरेक्समध्ये साधा फास्टनर पसरला की ब्लॉकच फुटतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरा आणि डब्यावर लिहिलेला सुकायचा वेळ पूर्ण द्या. घाई केली की अँकर नटासोबत फिरून बाहेर येतो.

नट आतून कसल्यावर त्यांवर वेल्डचा एक टिपका टाकता आला तर टाका. घरात वेल्डिंग शक्य नसेल, तर डोकं तुटणारे शिअर नट वापरा.

पेटी खणात मधोमध नको. दार उघडून ९० अंशात उभं राहायला बिजागरीच्या बाजूला पार्टिशनपासून २० एमएम सोडा, बाकी मोकळी जागा कुलपाच्या बाजूला जाऊ द्या.

खोटी पाठ

१२ एमएम बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारी) प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेली. शिक्का फळीवर बघा, बिलावर नाही. खण ४५० चा, म्हणून फळी ४४६ रुंद कापा, प्रत्येक बाजूला २ एमएम. मे महिन्यात घट्ट बसवलेली फळी जुलैत अडकते आणि ती काढताना लॅमिनेटचा टवका उडतो. लॅमिनेट दोन्ही बाजूंना लावायचं. मागची बाजू दिसत नाही म्हणून सुतार ती कोरी सोडतो, आणि पहिल्याच पावसात फळी पुढे धनुष्यासारखी वाकते. मागे स्वस्तातला लायनर चालतो, पण हवाच. चारही कडांना एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी.

खाली आडव्या फळीला ५ एमएम खोल खाच, तिच्यात पाठीची खालची कड उभी राहते. वरच्या कडेला मागून दोन चुंबकी कॅच, एकेक डावी-उजवीकडे. टच-लॅच, म्हणजे दाबलं की उघडणारा, अजिबात नको. कपड्यांचा गठ्ठा कोंबला की तो स्वतःहून उघडतो.

फळीला हँडल नसतं, मग काढायची कशी? आतलं लॅमिनेट गुळगुळीत घ्या आणि काच उचलायचा छोटा सक्शन कप वापरा. टेक्श्चरच्या लॅमिनेटवर कप धरत नाही. कप त्याच कपाटात ठेवू नये हे सांगायला नको.

दोन एमएमची फट दिसणारच. ती लपवायच्या भानगडीत न पडता बाकीच्या सगळ्या खणांच्या पाठींनाही तशीच फट ठेवा, म्हणजे ती डिझाइन वाटते. कपाटात सेन्सरची एलईडी पट्टी लावत असाल तर ती पाठीजवळ नको, शटरच्या कडेला पुढे लावा. पाठीवरून तिरका जाणारा उजेड प्रत्येक सांधा उठावदार करतो. ठोकून पोकळ वाजेल ही भीती मात्र सोडा, ६ एमएमच्या पाठीची सगळीच कपाटं पोकळ वाजतात.

सुताराला शस्त्राबद्दल काहीही सांगू नका. ‘दागिने आणि कागदपत्रांची तिजोरी आहे’ एवढं पुरे. मापासाठी त्याच्या हाती ८५६ बाय ३०६ बाय १२६ चं पुठ्ठ्याचं खोकं द्या. काम चालू असेपर्यंत शस्त्र घरात नसलेलं बरं. परवानाधारक विक्रेत्याकडे पावतीवर जमा करता येतं. फिटिंग बघायला नळीच्या लांबीची लाकडी पट्टी वापरा.

आतलं अस्तर आणि गंज

मुंबईत कुलपापेक्षा जास्त नुकसान गंज करतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि निळसर पॉलिश केलेल्या नळीवर घामाचा एक ठसा राहिला तरी तिथे तांबूस डाग धरतो.

अस्तराला मऊ स्पंज किंवा लोकरी फेल्ट लावू नका, दोन्ही पाणी धरतात. बंद पेशींचा ईव्हीए फोम, ६ एमएम, घ्या. चिकटवताना आंबट वास येणारा सिलिकॉन सीलंट टाळा: तो सुकताना अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सोडतो, आणि बंद पेटीत ती वाफ पोलादाला खाते. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या किंवा पाठीला चिकट असलेला फोम. नव्या प्लायचा आणि पॉलिशचा वासही धातूला बरा नाही. काम संपल्यावर दोन-तीन आठवडे कपाट आणि पेटी उघडी ठेवा, मग शस्त्र आणा.

पेटीत अर्धा किलो सिलिका जेल सुती पिशवीत ठेवा आणि स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ५० च्या आसपास हवा. ६० च्या वर राहू लागला की जेल सुकवायचं: रंग बदलणारं नारिंगी जेल, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नये. शस्त्र चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या होल्स्टरमध्ये घालून पेटीत ठेवणं सगळ्यात वाईट. ते उघडंच, तेलाचा पातळ हात फिरवून ठेवा. तेल जास्त झालं तर ते दस्त्याच्या लाकडात मुरतं, म्हणून दुनाळीचा दस्ता अ‍ॅक्शन खाली करून उभा करावा.

काडतुसं आणि चाव्या

काडतुसं या पेटीत नाहीत. दुसऱ्या खणात, ड्रॉवरच्या मागे, दोन बोल्टांनी धरलेली छोटी स्टीलची कॅश बॉक्स, वेगळ्या चावीची. रिव्हॉल्व्हरला पेटीत असतानाही ट्रिगर लॉक किंवा सिलिंडरमधून जाणारा केबल लॉक. ठेवण्यापूर्वी प्रत्येक वेळी उघडून चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं.

चावी देव्हाऱ्यामागे, तांदळाच्या डब्यात, आईच्या साडीच्या घडीत ठेवायची पद्धत सोडा. या जागा मुलांना आधी आणि चोराला नंतर माहीत असतात. एक चावी परवानाधारकाच्या अंगावरच्या जुडग्यात, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. बोटाच्या ठशाच्या कुलपाची आपत्कालीन चावीही तिथेच.

शस्त्राचा क्रमांक, परवान्याची प्रत आणि खरेदीची पावती यांचे फोटो पेटीबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा. चोरी झालीच तर ठाण्यात सगळ्यात आधी क्रमांकच विचारतात, आणि मूळ कागद पेटीसोबतच गेलेले असतात.

दर पावसाळ्यापूर्वी, साधारण मे अखेर, खोटी पाठ काढून चारही नट सैल झाले नाहीत ना ते तपासा, कुलपात ग्रॅफाइटची पूड फुंका आणि पेटीमागची भिंत हाताने चाचपून बघा. तेल कुलपात घालू नका. धूळ धरून लिव्हर चिकटतात आणि चावी आतच तुटते. भिंत गार-ओलसर लागली तर आधी बाहेरचं वॉटरप्रूफिंग, तोवर शस्त्र दुसरीकडे.